कर शून्य, कपात दहा टक्के : अर्थमंत्र्यांना एका मुद्रितशोधक आईचं खुलं पत्र

पुणे, डिसेंबर 2025

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन, केंद्रीय अर्थमंत्री,
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली

महोदया, महोदय,

स. न. वि. वि.

येत्या 1 एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतो आहे. 1961 चा कायदा जाऊन त्याच्या जागी 536 कलमांचा, सोप्या भाषेतला कायदा येतो आहे. ऑगस्टमध्ये संसदेनं तो मंजूर केला तेव्हा त्यातला टीडीएसचा, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कर कापून घेण्याचा भाग मी मुद्दाम शोधून वाचला. पूर्वी कितीतरी कलमांत विखुरलेल्या या तरतुदी, पगाराची सोडून, आता 393 या एका कलमात आणल्या आहेत. मांडणी सुटसुटीत झाली, हे मान्य. पण मला त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. जिच्या उत्पन्नावर कर लागतच नाही, तिच्या कामाच्या बिलातून दहावा हिस्सा कापणं आता तरी थांबणार आहे का? थांबणार नाही, असं उत्तर मिळालं. अर्थसंकल्पाची तयारी सध्या आपल्याकडे सुरू असेल, म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. ते उघडपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारखी कामं घरी बसून करणाऱ्या बाया महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना हे पैसे परत मागता येतात हेही कुणी सांगितलेलं नाही.

मी प्रकाशकांसाठी मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी करते. शालेय मार्गदर्शकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, दिवाळी अंक, अधूनमधून एखादं चरित्र. घटस्फोट झाल्यापासून मुलगी माझ्याकडे आहे, सध्या आठवीत शिकते. पोटगी कोर्टाच्या कागदावर आहे, घर माझ्या कामावर चालतं. वर्षभराची सगळी बिलं मिळून साडेतीन लाखांच्या आसपास जातात. घरभाडं, शाळा, वीज, इंटरनेट, प्रिंटरचा टोनर, आईची औषधं, सगळं त्यातच बसवायचं. मला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. काम थांबलं की पैसे थांबतात.

2024-25 या वर्षात माझ्या बिलांमधून सुमारे 24 हजार रुपये टीडीएस म्हणून कापले गेले. माझा त्या वर्षाचा कर किती होता? शून्य. त्यातले जेवढे परत मिळाले ते आत्ता, नोव्हेंबरमध्ये. म्हणजे एप्रिल 2024 च्या बिलातून कापलेला पैसा दीड वर्षाहून अधिक काळ सरकारकडे पडून होता. त्याच दीड वर्षात शाळेची फी भरायला मी दोनदा सोनं गहाण ठेवलं आणि त्याचं व्याज भरलं. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. ज्या रकमेवर सरकारचा हक्क नव्हता ती रक्कम सरकारकडे असताना मी कर्जावर व्याज भरत होते, एवढी वस्तुस्थिती नोंदवते आहे.

1 फेब्रुवारी 2025 रोजी आपण लोकसभेत जाहीर केलंत की नव्या करप्रणालीत, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत अशा पर्यायात, 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही. त्याआधी ही मर्यादा 7 लाख होती. नोकरदाराला वर 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे त्याचा पावणेतेरा लाखांपर्यंतचा पगार करमुक्त होतो. आणि नोकरदाराच्या बाबतीत मालक वर्षभराच्या पगाराचा अंदाज घेतो, सगळ्या सवलती धरतो आणि कर निघत असेल तरच कापतो. महिना 80 हजार पगार असलेल्या माणसाचा या वर्षी एक रुपयाही कापला जाणार नाही. बरोबरच आहे ते, माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझ्यासाठी मात्र वर्षाचा अंदाज कुणी बघत नाही. व्यावसायिक सेवेचा शिक्का बसला की एका प्रकाशकाकडून वर्षाला 50 हजारांच्या वर रक्कम गेली की 10 टक्के कापायचे, असा नियम आहे. मार्च 2025 पर्यंत तर ही मर्यादा 30 हजारच होती. 50 हजार वर्षाला म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. एकीकडे 12 लाखांपर्यंत कर नाही आणि दुसरीकडे 50 हजारांच्या पुढे दहा टक्के कपात. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्यात माझ्यासारख्यांचं घर अडकलेलं आहे.

यातून सुटायचा मार्ग बँकेच्या ठेवीदाराला आहे. त्यानं 15जी हा फॉर्म भरून दिला, माझा कर शून्य आहे असं लिहून दिलं, की बँक व्याजातून काही कापत नाही. खोटं लिहिलं तर कायदा आहे. व्याज खाणाऱ्याच्या सहीवर सरकार विश्वास ठेवतं. कामाचे पैसे घेणाऱ्याच्या सहीवर ठेवत नाही: ठेकेदारी आणि व्यावसायिक सेवा या दोन्ही प्रकारच्या बिलांना हा फॉर्म लागू नाही, आणि नव्या कायद्यातही तो लागू केलेला नाही. ठेवीवरच्या व्याजाला जी सवलत मिळते ती रात्री दोनपर्यंत डोळे फोडून वाचलेल्या प्रुफाला का मिळू नये, याचं कारण मला कुठल्याही कागदात सापडलं नाही.

माझ्याजागी दुसरी कुणी असती तर तिला सांगितलं गेलं असतं की कमी दरानं कपात व्हावी म्हणून 1961 च्या कायद्याच्या कलम 197 खाली अर्ज करता येतो. करता येतो, मी तोही मार्ग तपासला. त्या अर्जात येत्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज द्यायचा, मागची विवरणपत्रं जोडायची आणि कोण कोण पैसे देणार आहे ते त्यांच्या टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणाऱ्या क्रमांकासह लिहायचं. दाखला मिळतो तो त्या त्या प्रकाशकापुरता आणि तेवढ्या वर्षापुरता. एप्रिल महिन्यात मला हे कसं ठाऊक असणार, की जुलैमध्ये कुठला दिवाळी अंक माझ्याकडे येईल आणि डिसेंबरमध्ये कोण मार्गदर्शकाचं काम देईल? ही सोय मोठ्या कंत्राटांसाठी आखलेली आहे, तीन हजारांच्या बिलासाठी नव्हे.

पुढची तक्रार वर्गीकरणाची. माझं काम एकच, हात तेच, टेबल तेच. एक प्रकाशक ते ठेक्याचं काम समजून 1 टक्का कापतो. दुसरे दोघे त्याला व्यावसायिक सेवा म्हणतात आणि 10 टक्के कापतात. विचारलं तर उत्तर येतं, ‘आमच्या सीएंनी असंच सांगितलंय.’ त्यांचाही दोष नाही, कमी कापलं आणि नंतर खात्यानं हरकत घेतली तर भुर्दंड त्यांना बसतो, म्हणून ते जास्तीच्या दराकडे झुकतात. मग विवरणपत्र भरताना माझ्यापुढे तोच घोळ उलट्या बाजूनं उभा राहतो. छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या सुगम या फॉर्ममध्ये अंदाजित उत्पन्न दाखवायची सोय आहे. व्यवसाय म्हणून दाखवलं तर उलाढालीच्या 8 टक्के उत्पन्न धरतात, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के. ठरावीक पेशा म्हणून दाखवलं तर 50 टक्के. त्या पेशांच्या यादीत वकील आहेत, डॉक्टर, वास्तुविशारद, अंतर्गत सजावटकार आहेत. मुद्रितशोधक नाही. कपात मात्र पेशाच्या दरानं झालेली. एका सल्लागारानं सांगितलं, व्यवसायात दाखवा. दुसऱ्यानं सांगितलं, तसं दाखवलंत तर नोटीस येईल. दोघांनी फी घेतली. कर कुठल्याही मार्गानं शून्यच येतो, तरी चूक ठरण्याची भीती माझ्याच मानेवर. शिवणकाम, अनुवाद, शिकवण्या, मेंदी, डबे, टंकलेखन, घरातून चालणाऱ्या अशा कामांची साधी यादी करून प्रत्येकापुढे ‘हे इथं बसतं’ एवढं लिहायला मंडळाला किती वेळ लागेल?

आता ज्या गोष्टीनं मला सर्वांत जास्त छळलं तिच्याबद्दल. प्रकाशकानं माझ्या बिलातून कापलेला पैसा त्यानं सरकारकडे भरायचा असतो आणि दर तिमाहीला तसं विवरण द्यायचं असतं. तेव्हाच तो माझ्या नावावर 26एएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या माझ्या वार्षिक करनोंदीत दिसतो. एका प्रकाशकानं कापले, पण भरले नाहीत. माझ्या 26एएसमध्ये त्यांचं नावच नाही. पैसे माझ्या हातातून गेले, सरकारपर्यंत पोचले नाहीत, आणि संगणकाच्या लेखी ते कधी कापलेच गेले नाहीत. जुन्या कायद्याचं कलम 205 स्पष्ट सांगतं की ज्याच्या रकमेतून कर कापला गेला आहे त्याच्याकडून तो पुन्हा मागायचा नाही. उत्तम कलम आहे. पण माझ्याकडे कुणी काही मागतच नाहीये, मागणारी मी आहे. परताव्याची प्रक्रिया यंत्र करतं आणि यंत्राला 26एएसशिवाय काही दिसत नाही.

मग प्रकाशकाकडे चकरा. कार्यालयात गेलं की हिशेबनीस चांगलं बोलतात, चहा सांगतात, पुढच्या आठवड्यात होईल म्हणतात. तक्रार करायची तर त्यांच्या विरोधात करायची, आणि पुढच्या वर्षीचं काम त्यांच्याकडूनच यायचं. मराठी पुस्तकांचा व्यवसाय लहान आहे. अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर सगळे एकमेकांना ओळखतात. ‘त्या बाई खात्याकडे गेल्या’ ही गोष्ट पसरायला एक दुपार पुरते. नोकरीतल्या माणसाला असा पेच आला तर सोबत संघटना असते, सहकारी असतात. मी एकटी आहे आणि माझ्यामागे माझ्या मुलीची शाळा आहे. म्हणून मी गप्प बसले. ते पैसे अजून आलेले नाहीत. कापून न भरलेल्या रकमेवर प्रकाशकाला महिना दीड टक्का व्याज लागतं, पण ते व्याज सरकारला जातं. ज्या बाईचे पैसे होते तिला त्यातला छदाम नाही.

व्याजाचा विषय निघालाच आहे तर तोही मांडते. मी कर भरायला उशीर केला तर मला महिना 1 टक्का व्याज लागेल. सरकारनं माझा परतावा द्यायला उशीर केला तर मला महिना अर्धा टक्का मिळतं. तेही वेळेत विवरणपत्र भरलं तर पुढच्या 1 एप्रिलपासून मोजायचं. ज्या वर्षात कपात झाली त्या सबंध वर्षाचं व्याज शून्य. आणि मिळालेलं ते अर्धा टक्का पुन्हा उत्पन्नात दाखवायचं.

विवरणपत्राची मुदत साधारणपणे 31 जुलै असते. यंदा ती सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. जुलै ते ऑक्टोबर हा दिवाळी अंकांचा हंगाम असतो, वर्षातली सगळ्यात मोठी कमाई आमची त्याच दिवसांत होते आणि सगळ्यात जास्त जागरणंही तेव्हाच. त्या दिवसांत फॉर्म भरायचा, 30 दिवसांत आधारच्या ओटीपीनं पडताळणी करायची, आणि काही त्रुटी निघाली तर 15 दिवसांत उत्तर द्यायचं. मला खात्याकडून आलेली प्रत्येक सूचना इंग्रजीत होती. मी इंग्रजी वाचू शकते, तरी ‘सदोष विवरणपत्र’ अशा अर्थाचं पत्र रात्री फोनवर आलं की पोटात गोळा येतो. जिला वाचता येत नाही तिनं काय करायचं? ती कुणाला तरी पाचशे-हजार देते, किंवा परतावा सोडून देते. आणि डिसेंबरअखेर उलटून गेली की परतावा मागण्याचा साधा मार्ग बंद. नंतर भरायची सोय असलेलं अद्ययावत विवरणपत्र चालतं ते सरकारला जास्तीचा कर द्यायचा असेल तर, परत मागायचा असेल तर नाही. विलंब माफ करून घ्यायचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी पुन्हा कुणीतरी जाणकार लागतो.

सोडून देणारी एक माझ्याच इमारतीत आहे. नवरा गेल्यावर तिनं डबे सुरू केले. एका कंपनीच्या कामगारांना ती जेवण पुरवते आणि तिच्या बिलातून 1 टक्का कापला जातो. मी तिला म्हटलं, विवरणपत्र भरू, पैसे परत मिळतील. ती नको म्हणाली. तिला लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये मिळतात. आयकराचा कागद भरला की आपण आयकर भरणाऱ्यांत जमा होऊ आणि ते पैसे बंद होतील, असं तिला कुणीतरी सांगितलं आहे. योजनेच्या शासन निर्णयातली अट आयकरदात्या कुटुंबाला वगळते, शून्य कराचं विवरणपत्र भरणारीला नाही. मी हे तिला समजावलं. तिचा प्रश्न होता, ‘ताई, बंद झाले तर तू देशील का?’ यावर मी काय बोलणार? अटल पेन्शन योजनेतही ऑक्टोबर 2022 पासून आयकरदात्यांना प्रवेश नाही, तिथंही हीच भीती. परतावा मागणं म्हणजे कर भरणं नव्हे, हे केंद्र आणि राज्य सरकारनं दोघांनी मिळून एकदा स्वच्छ मराठीत जाहीर करायला हवं. भीतीपोटी गरीब बायकांनी सोडलेल्या पैशावर सरकारचा नैतिक हक्क नाही.

इथवर मी स्वतःचा व्यवसाय करणारी बाई म्हणून बोलले. आता एकटी पालक म्हणून.

आपल्या आयकर कायद्याला कुटुंब दिसत नाही, असं म्हणता येणार नाही. हिंदू अविभक्त कुटुंब त्याला दिसतं, त्याला वेगळा पॅन मिळतो आणि वेगळी करमुक्त मर्यादाही. 2025 च्या अर्थसंकल्पापूर्वी सनदी लेखापालांच्या संस्थेनं विवाहित जोडप्यांना एकत्र विवरणपत्र भरू द्यावं असं सुचवलं, त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा झाली. एकट्या पालकाचं नाव त्या चर्चेत माझ्या वाचनात आलं नाही. यूएन विमेनच्या 2019 च्या अहवालात भारतात एकट्या आईवर चालणारी घरं सुमारे 1 कोटी 30 लाख असल्याचं म्हटलं होतं.

कायद्याला मी दिसते ती एकाच ठिकाणी, आणि तिथं माझं देणं वाढतं. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवायचं, आणि विवाह अस्तित्वात नसेल तर सांभाळणाऱ्या पालकाच्या. माझ्या आईनं नातीच्या नावावर ठेव ठेवली आहे, तिच्या शिक्षणासाठी. तिचं व्याज माझ्या उत्पन्नात धरलं जातं, कारण सांभाळ मी करते. म्हणजे सांभाळ कोण करतं हे कायद्याला नेमकं ठाऊक आहे. मग त्या सांभाळाच्या खर्चाची वजावट? मुलामागे वर्षाला 1,500 रुपये. ही रक्कम 1990 च्या दशकात ठरली, आजही तेवढीच आहे, आणि नव्या करप्रणालीत तीही मिळत नाही. ज्यांना नवरा सोडून गेला पण घटस्फोट झालेला नाही अशा परित्यक्तांची गत तर याहून अवघड आहे. विवाह कागदावर टिकून असल्यानं मुलाचं उत्पन्न दोघांपैकी जास्त कमावणाऱ्याच्या नावे धरायचं असतं. तो कुठे आहे आणि काय कमावतो, हे तिला कसं कळणार?

असं पूर्वीपासून होतं असंही नाही. 1955-56 च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांसाठी करमुक्त मर्यादा 2,000 रुपये आणि अविवाहितांसाठी 1,000 रुपये केली होती. त्यानंतरच्या काही वर्षांत मुलं किती आहेत हे बघूनही मर्यादा ठरत असे. 2011-12 पर्यंत स्त्रियांना थोडी जास्त करमुक्त मर्यादा होती, पुढच्या वर्षापासून ती गेली. बाहेर बघायचं तर जर्मनी एकट्या पालकाला 2023 पासून 4,260 युरोंची वेगळी सवलत देते. अमेरिकेत एकट्यानं घर चालवणाऱ्या पालकाचा विवरणपत्रात स्वतंत्र वर्ग आहे, 2024 साठी त्याची प्रमाणित वजावट 21,900 डॉलर होती, तर साध्या एकट्या व्यक्तीची 14,600.

माझ्यापुरतं प्रामाणिकपणे सांगायचं तर अशी वजावट मिळाली तरी आज मला एका रुपयाचाही फायदा नाही, कारण कर शून्यच आहे. तरी मी ती मागते. एकट्या पालकाचा खर्च दोन पालकांच्या घराइतकाच असतो आणि मिळकत एक. मुलगी आजारी पडली की काम माझंच थांबतं, घरात दुसरा कमावता नाही. कायद्यानं हे एकदा मान्य केलं की कपातीची मर्यादा, सवलती, शिष्यवृत्तीचे निकष, सगळीकडे ते मोजता येईल.

आणि आपल्या खात्यानं हे करून दाखवलेलं आहे. 5 डिसेंबर 2018 पासून आई एकटी पालक असेल तर पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव देणं सक्तीचं राहिलं नाही. माझ्या ओळखीच्या किती जणींना त्या दिवशी हायसं वाटलं, हे आपल्याला कल्पनेनं कळणार नाही. महाराष्ट्र सरकारनंही 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव आवश्यक केलं. नाव लागलं, आता हिशेबही लागू द्या.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. ज्यांचं वर्षाचं उत्पन्न करपात्र नाही अशा व्यक्तींना 15जीसारखं स्वयंघोषणापत्र ठेकेदारी आणि व्यावसायिक सेवेच्या बिलांसाठीही देता यावं. एकदा पोर्टलवर भरलं की ते त्या वर्षातल्या सगळ्या देणाऱ्यांना लागू व्हावं, प्रत्येकाकडे वेगळा कागद नको. बाकी काही जमलं नाही तरी एवढं यंदाच्या अर्थसंकल्पात कराच.

2. ते होईपर्यंत व्यावसायिक सेवेवरची 50 हजारांची मर्यादा वाढवावी, आणि छोट्या व्यक्तींसाठी दर 10 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणावा. व्यवहाराची नोंद ठेवणं हा हेतू असेल तर 1 टक्क्यातही नोंद होते.

3. घरून होणाऱ्या कामांची यादी मंडळानं परिपत्रक काढून जाहीर करावी. कपात कुठल्या दरानं आणि विवरणपत्रात दाखवायचं कुठे, हे त्यात असावं.

4. कापलेला पैसा देणाऱ्यानं भरला नसेल तर बिल आणि बँकेतली जमा यांच्या आधारे घेणाऱ्याला श्रेय द्यावं आणि वसुली देणाऱ्याकडून करावी. तक्रारदाराचं नाव त्याला कळू नये अशी सोय असावी. उशिराचं व्याज घेणाऱ्याला मिळावं.

5. केवळ परताव्यासाठी एक पानाचं, आधीच भरलेलं विवरणपत्र असावं. ते आणि त्याच्याशी संबंधित प्रत्येक सूचना मराठीत, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या इतर भाषांत मिळावी. 25 हजारांपर्यंतचा परतावा 30 दिवसांत द्यावा आणि व्याज कपातीच्या तारखेपासून, सरकार आकारतं त्याच दरानं द्यावं.

6. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या छोट्या व्यक्तींना नोकरदारांइतकी प्रमाणित वजावट मिळावी आणि एकट्या पालकाला त्याशिवाय वेगळी. अज्ञान मुलामागची 1,500 रुपयांची सूट आजच्या किमतींना धरून वाढवावी आणि नव्या प्रणालीतही द्यावी. परित्यक्तांच्या बाबतीत कागदावरचा विवाह न बघता सांभाळ कोण करतं ते बघावं.

7. शून्य कराचं विवरणपत्र भरल्यानं कुठल्याही कल्याण योजनेचा लाभ जात नाही, हे राज्य सरकारांना सोबत घेऊन लेखी जाहीर करावं, अंगणवाडीपासून सेतू केंद्रापर्यंत लावावं.

यातल्या बहुतेक मागण्यांना तिजोरीतून काही द्यावं लागत नाही. जो पैसा अखेरीस परतच करायचा असतो तो मुळात कापू नये, एवढंच त्यांचं स्वरूप आहे. उलट हजारो विवरणपत्रं तपासण्याचा आणि परतावे पाठवण्याचा खात्याचा खर्च वाचेल.

1 फेब्रुवारीपूर्वी अर्थ मंत्रालय वेगवेगळ्या गटांशी चर्चा करतं. त्यात उद्योजक असतात, अर्थतज्ज्ञ, शेतकरी संघटना, कामगार संघटना असतात. त्या टेबलावर घरून काम करणाऱ्या, एकटीनं मूल वाढवणाऱ्या काही जणींनाही बोलवा. दिल्लीला येणं परवडणार नाही, फोनवर किंवा पुण्यात बोलवलंत तरी चालेल. मार्चअखेरची कपात सुरू होण्याआधी पहिल्या मागणीवर मंडळाचं उत्तर मिळावं, ते लेखी असावं आणि मराठीत असावं, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक मुद्रितशोधक, पुणे